उंदीर बरा झाला, माणूस का होत नाही?

अर्धांगवायू हा रोग काही नवा नव्हे. मराठीत त्यास पक्षाघात म्हणतात, कानडीत पार्श्ववायू म्हणतात आणि आमच्या सीमाभागातील बाजारपेठांत दोन्ही भाषा बोलणारे लोक त्याला लकवा या एकाच नावाने ओळखतात. सकाळी धडधाकट दिसणारा घरचा कर्ता पुरुष किंवा घर सांभाळणारी माउली दुपारी अंथरुणास खिळते. तोंड वाकडे होते, जीभ जड होते, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकली म्हणजे बहुधा हा प्रसंग ओढवतो. क्वचित वाहिनी फुटूनही ओढवतो. मोठी वाहिनी गुठळीने बंद झाली असता उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. हा हिशेब मनात ठेवून ते अंतर मोजले, म्हणजे या रोगावरील औषधांचा प्रश्न दूरदेशीच्या पंडितांपुरता नाही, तो आपल्या ओसरीपर्यंत येऊन ठेपला आहे, हे ध्यानात येईल.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोकणी बोलावी, शाळेत मराठी शिकवावी आणि बाजारात कानडी ऐकावी, असा आमचा दिनक्रम. अशा माणसाने वैद्यकीय संशोधनाविषयी लेखणी उचलावी, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु आज ज्या गोष्टीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे, ती समजण्यास औषधशास्त्राची पदवी लागत नाही. परीक्षा घेणे आणि परीक्षेत लबाडी होऊ न देणे हा तर आम्हां शिक्षकांचा नित्याचा व्यवसाय. आणि या विषयाचे सारे मर्म परीक्षेतच आहे.

कोणतेही नवे औषध प्रथम प्राण्यांवर वापरून पाहतात व नंतरच माणसास देतात. प्राण्यांवरील या प्रयोगांना आपण औषधाची पूर्वपरीक्षा म्हणू. ही पूर्वपरीक्षा निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९८५ साली अमेरिकेतील जस्टिन झिविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूतील वाहिन्यांत गुठळ्या अडकवून, गुठळी विरघळविणारे एक द्रव्य त्यांना दिले. सशांच्या मेंदूची हानी कमी झाली. पुढे तेच द्रव्य, ज्यास आज अल्टेप्लेज म्हणतात, ६२४ रुग्णांवर पारखण्यात आले आणि १९९५ साली त्याचा गुण सिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर अपंगत्वावाचून किंवा अगदी अल्प अपंगत्वाने वावरणारे रुग्ण औषध मिळालेल्या गटात अधिक होते. या औषधाने शेकडा सुमारे सहा रुग्णांना मेंदूत घातक रक्तस्राव झाला, हेही त्या संशोधकांनी लपविले नाही. आज साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठणाऱ्या योग्य रुग्णास हे औषध देतात. २०१५ पासून मोठ्या वाहिनीतील गुठळी बारीक नळीने बाहेर काढण्याचा उपायही जगभर मान्य झाला आहे. सशाने दाखविलेली वाट खरी होती, म्हणून ती माणसापर्यंत पोहोचली.

परंतु या यशामागे अपयशाचा केवढा ढीग पडला आहे! गुठळी निघेपर्यंत मेंदूच्या पेशी जगवून धराव्यात, अशा हेतूने शेकडो औषधे शोधली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अर्धांगवायूवरील १,०२६ प्रायोगिक उपायांची मोजदाद करण्यात आली. त्यांपैकी ११४ माणसांवर वापरून पाहिलेले होते. परंतु प्राण्यांत जे उपाय सर्वांत गुणकारी ठरले तेच माणसांसाठी निवडले गेले, असेही आढळून आले नाही. आणि पेशी वाचविणारे, सर्व जगाने निःशंकपणे स्वीकारावे असे एकही औषध या साऱ्या खटाटोपातून हाती लागले नव्हते. उंदीर बरे होत होते. माणसे होत नव्हती.

असे का व्हावे? उंदीर आणि माणूस यांच्या मेंदूंत भेद आहे, हे खरेच. परंतु सर्व दोष उंदराच्या माथी मारून चालणार नाही. पुष्कळसा दोष परीक्षकांचा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, आमच्या एका विद्यार्थ्याने मुगाची वीस रोपे घेतली आणि एका नव्या खताचा गुण पाहण्याचे ठरविले. दहा रोपांना खत घालावयाचे, दहांना नाही. खताविषयी त्याच्या मनात आधीच प्रेम असेल तर नकळत तो टवटवीत रोपे खताच्या बाजूस ठेवील. उंची मोजताना खताच्या रोपाची पट्टी किंचित वर धरील. एखादे खत घातलेले रोप वाळले, तर ‘याला कीड लागली होती’ म्हणून त्यास हिशेबातून वगळील. यात त्याची लबाडी असेलच असे नाही. आशा हीच मोठी लबाड असते. प्रयोगशाळेतही हेच घडते. पिंजऱ्यात हात घालताच जो उंदीर प्रथम हाती लागतो तो बहुधा सुस्त असतो. चपळ उंदीर मागाहून सापडतो. पहिले दहा एका गटात आणि पुढचे दहा दुसऱ्या गटात घातले, की औषध देण्यापूर्वीच निकालावर शिक्का पडला!

यावर उपाय साधे आहेत. कोणता उंदीर कोणत्या गटात जावयाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. कोणास औषध दिले व कोणास नुसते पाणी, हे मोजमाप करणाऱ्यास ठाऊक नसावे. किती प्राणी घ्यावयाचे आणि कोणत्या कारणाने एखादा वगळावयाचा, हे आरंभीच लिहून ठेवावे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक का घालतात, हे ज्या विद्यार्थ्यास समजते त्यास हेही समजेल.

हे नियम न पाळल्याने काय होते याचा दाखला एन-एक्स-वाय-०५९ या औषधाने दिला आहे. प्राण्यांत ते उत्तम ठरले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या मानवी चाचणीत थोडा गुण दिसला. पुढे तीन हजारांहून अधिक रुग्णांवर दुसरी चाचणी झाली आणि २००७ साली तिचा निकाल छापून आला, तेव्हा औषध निष्फळ ठरले होते. मग एडिंबरोचे माल्कम मॅक्लिओड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील जुने प्रयोग पुन्हा तपासले. त्यांचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या प्रयोगांत चिठ्ठ्या टाकून गट पाडल्याची नोंद नव्हती, त्यांत औषधाचा गुण चिठ्ठ्या टाकलेल्या प्रयोगांच्या दुपटीहून अधिक दिसत होता! म्हणजे औषधाचा म्हणून जो गुण गायिला गेला, त्याचा मोठा भाग ढिलाईचा असावा.

दुसरा दोष असा की, पूर्वपरीक्षेचा पेपर फार सोपा काढला जातो. आमच्या भागातील अर्धांगवायूचा रुग्ण डोळ्यांपुढे आणा. वय साठीचे, रक्तदाब जुना, मधुमेह जडलेला, निपाणीच्या तंबाखूशी किंवा विडीशी त्याची वर्षानुवर्षांची दोस्ती. प्रयोगातील उंदीर कसा असतो? बहुधा तरुण, नर, निरोगी, मोजून खाणारा. गुठळी अडकल्यानंतर औषध कधी मिळते तेही पाहा. टिरिलाझाड नावाच्या एका औषधाच्या प्रयोगांत प्राण्यास औषध मिळण्याचा मध्यम काळ अवघा १० मिनिटे होता. माणसांवरील चाचण्यांत तोच ५ तास होता. प्राण्यांस ज्याने तारले, त्याच औषधाने माणसांत मृत्यू व परावलंबन यांचे प्रमाण उलट वाढविले. जी शाळा पूर्वपरीक्षेत पाठ केलेली चार उत्तरे विचारते आणि एस. एस. एल. सी. परीक्षेस मुलांना बिनधास्त पाठविते, तिच्या निकालाचे जे होते तेच या औषधाचे झाले.

तिसरा दोष मौनाचा. ज्या प्रयोगात औषध निष्फळ ठरले, तो प्रयोग कपाटात पडून राहतो. अर्धांगवायूवरील प्राणिप्रयोगांच्या ५२५ लेखांची छाननी २०१० साली प्रसिद्ध झाली. मेंदूतील मृत भागाच्या आकारावर औषधाचा लक्षणीय परिणाम झाला नाही, असे सांगणारे लेख त्यांत अवघे १० होते. ज्या वर्गात ५२५ पैकी ५१५ मुले उत्तीर्ण होतात, तेथे मुले हुशार आहेत की नापासांची नावे पुसली गेली आहेत, असा प्रश्न कोणाही मुख्याध्यापकास पडेल.

आपल्या इलाख्यास ही शिकवण नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे तिने बेळगाव-धारवाडकडेही कहर मांडला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार केली, ती सशांवर पारखली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी राजी झाले त्यांना लस देऊन, न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली; टोचलेल्यांत रोग कमी आढळला. १८९८ साली शेजारच्या हुबळीस हजारो लोकांनी ती टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्या कार्याची आजही साक्ष देते. तुरुंगातील ती तुलना आजच्या कसोटीस पुरती उतरणार नाही. कारण स्वखुशीने पुढे येणारे आणि मागे राहणारे हे मुळातच भिन्न प्रकृतीचे लोक असू शकतात. तथापि ‘बरे वाटले’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाच्या तुलनेने?’ हा प्रश्न त्या काळी विचारला गेला, याचे मोल आम्हांस मोठे वाटते.

त्याच प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर अलीकडे आपल्या देशातील डॉक्टरांनीही दिले आहे. अस्थिमज्जेतील मूलपेशी टोचल्या असता अर्धांगवायू सुधारतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून वाटत होते. लोकांत त्याचा बोलबाला झाला. हतबल कुटुंबे वाटेल ती किंमत मोजण्यास तयार होती. दिल्लीचे डॉ. कामेश्वर प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांतील १२० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. कोणास मूलपेशी मिळाव्यात हे दैवगतीने ठरविले. २०१४ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केला : उपाय सुरक्षित आहे, परंतु लाभ दिसला नाही. या ‘नाही’ शब्दाची थोरवी आपण ओळखली पाहिजे. त्या एका शब्दाने कित्येक घरांची शेती आणि स्त्रीधन गहाण पडण्यापासून वाचू शकते. २०२३ साली सोव्हाटेल्टाइड या औषधास आपल्या देशात परवानगी मिळाली. त्यामागील अखेरच्या टप्प्याची भारतीय चाचणी १५८ रुग्णांची होती. त्याचे यश आम्ही मनापासून चिंतितो. आणि म्हणूनच याहून मोठ्या चाचण्यांतून ते तावून सुलाखून निघावे, अशीही इच्छा करतो.

पूर्वपरीक्षा कठीण करता येते, हेही आता सिद्ध झाले आहे. १९९९ साली अमेरिकेतील विद्वान व औषध-कंपन्या यांनी एकत्र बसून प्राणिप्रयोगांचे नियम सुचविले होते. परंतु सुचविणे आणि पाळणे यांत अंतर राहिले. २०१९ च्या सुमारास तेथील सरकारी आरोग्यसंस्थेच्या द्रव्यसाहाय्याने सहा प्रयोगशाळांनी एकच प्रयोग एकाच शिस्तीने करण्याचे मनावर घेतले. सहा उपाय, आणि २,६१५ उंदीर. तरुणांबरोबर वृद्ध, लठ्ठ आणि रक्तदाब असलेले, नरांबरोबर माद्याही. औषधांवर नावे नव्हती, सांकेतिक खुणा होत्या. उंदीर कसा चालतो-वळतो याचे चलच्चित्र घेऊन ते अशा परीक्षकांकडे धाडले जाई, ज्यांना त्या उंदराचा गट ठाऊक नसे. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. आधी ठरविलेली गुणाची रेषा एकाच उपायाने ओलांडली, आणि तो होता युरिक आम्ल, ज्याचे प्रमाण वाढले की आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे सांधे ठणकतात! माणसांसाठी ते औषध ठरले असे नव्हे. अंतिम परीक्षा अजून पुढेच आहे. परंतु या वेळी पूर्वपरीक्षेच्या गुणपत्रिकेवर विश्वास ठेवण्यास जागा आहे.

कोणी म्हणेल, ‘रोगी मरणाच्या दारी पडला असता हे नियमांचे अवडंबर कशासाठी? यात वेळ जातो, पैसा जातो.’ या आक्षेपात करुणा आहे, म्हणून त्याचा आदर करावा. पण त्यात दूरदृष्टी नाही. उतावीळपणाने वेळ वाचला असता, तर हजाराहून अधिक उपाय शोधूनही आम्ही आजवर रित्या हाताने का बसलो असतो? निष्फळ औषधाच्या चाचणीत जो रुग्ण सामील होतो, तो आपल्या देहाची जोखीम पत्करून सामील होतो. त्याच्या अंगठ्यास आम्ही काय उत्तर द्यावे?

आणि प्राण्यांचे काय? आमच्या सीमाभागात जैन बांधवांची वस्ती मोठी आहे; वारकऱ्यांच्या दिंड्याही येथून जातात. मुंगीवरही पाय पडू नये असे मानणाऱ्या या भूमीत प्राणिप्रयोगांचे नाव काढताच मनास टोचणी लागते, आणि ती लागली पाहिजे. १९६० साली प्राण्यांच्या क्रूर वागणुकीस आळा घालणारा कायदा आपल्या देशात झाला आणि १९६४ साली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमली गेली. प्राण्यास वेदना कमी व्हाव्यात, हे ती पाहते. परंतु आमच्या मते प्रयोगाची ढिलाई हीसुद्धा एक क्रूरताच आहे. ज्या प्रयोगातून सत्य निघणारच नाही, त्यासाठी घेतलेला जीव व्यर्थ घेतला.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. माणसांवरील चाचण्या आरंभापूर्वी नोंदविण्यासाठी आपल्या देशात २००७ साली सरकारी नोंदवही उघडण्यात आली. तशीच नोंद औषधांच्या प्राणिप्रयोगांचीही व्हावी. परदेशांत काही ठिकाणी तिला आरंभ झालेलाच आहे. जनतेच्या पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक संशोधनास तीन अटी असाव्यात : चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, मोजणाऱ्यास गट ठाऊक नसावा, आणि निकाल कसाही लागो, तो प्रसिद्ध व्हावा. आणि माणसास औषध देण्यापूर्वी ते एकाहून अधिक प्रयोगशाळांत, वृद्ध व रोगी प्राण्यांवरही पारखलेले असावे. यांत अशक्य काय आहे? यास यंत्रांहून मनोनिग्रह अधिक लागतो.

तो मनोनिग्रह कोठे शिकवावयाचा? विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमच्याकडे वळणे प्राप्त आहे. लंबकाचा प्रयोग करताना घड्याळात जे दिसते ते न लिहिता, पुस्तकातील उत्तर आधी पाहून त्यावरून वहीतील आकडे बसविण्याची चाल शाळाशाळांतून आढळते. ‘उत्तर तर बरोबर आले ना?’ असे मुले म्हणतात. आणि सांगावयास खेद वाटतो, पालकही म्हणतात. आम्ही शिक्षकही ‘बरोबर’ उत्तरास पैकीच्या पैकी गुण देतो आणि प्रामाणिक ‘चुकीच्या’ उत्तरावर लाल रेघ मारतो. यापुढे आम्ही ती रेघ आवरली पाहिजे. ‘माझे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, त्याची कारणे पुढीलप्रमाणे असावीत,’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गात उभे करून शाबासकी द्यावी, असे आम्हांस वाटते.

कारण आजच्या प्रयोगवह्यांतूनच उद्याचे संशोधक घडावयाचे आहेत. तुमच्यापैकी एखादा मुलगा अथवा मुलगी उद्या बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाईल, परळला जाईल, परदेशीही जाईल. एखाद्या रात्री प्रयोगशाळेत त्याच्यापुढे वीस उंदरांचे आकडे असतील. एक आकडा त्याच्या आशेविरुद्ध असेल, आणि तो खोडावयास कोणाची आडकाठी नसेल. त्या वेळी तो आकडा जसाच्या तसा राहिला, तर आमच्या गावच्या एखाद्या अंथरुणाशी बसलेल्या कुटुंबाला खोटी आशा विकली जाणार नाही. तो आकडा जसाच्या तसा लिहिण्याची सवय मात्र याच शाळेत, याच वर्षी लागली पाहिजे.